मदत हवी आहे : गूगल प्लेवर खासगी अ‍ॅप, दोन-तीन ग्राहकांसाठी

नमस्कार मंडळी,

सांगली-इचलकरंजी भागातल्या वितरकांसाठी ऑर्डर घेण्याचं अँड्रॉइड अ‍ॅप केलंय. ते फक्त त्यांच्या सेल्समननाच दिसायला हवं. आत्तापर्यंत एपीके (अ‍ॅप बसवायची फाइल) व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय, म्हणजे कुणाकडे कुठली आवृत्ती आहे ते देवच जाणे! प्लेवरच्या इंटर्नल टेस्टिंगला (निवडक लोकांना चाचणीसाठी अ‍ॅप देण्याची सोय) १०० जणांची मर्यादा, आणि तो मुळात कायमचा तोडगाच नाही.

म्हणून मॅनेज्ड गूगल प्लेकडे (संस्थांसाठीचं प्ले स्टोअर) वळलोय. दोन वाटा दिसतात. एक, मी माझ्या प्ले कन्सोलमधून (डेव्हलपरचं प्लेवरचं खातं) प्रत्येक ग्राहकाचा, म्हणजे वितरकाचा, ऑर्गनायझेशन आयडी जोडायचा (एका अ‍ॅपला १००० संस्थांपर्यंत चालतं). दुसरी, ग्राहकानेच आपल्या ईएमएम (कर्मचाऱ्यांचे फोन सांभाळण्याची प्रणाली) कन्सोलमधून नाव आणि एपीके देऊन अ‍ॅप चढवायचं. दुसरी झटपट होते, पण पॅकेज नेम (अ‍ॅपची अंतर्गत ओळख) अख्ख्या प्लेवर एकदाच वापरता येतं, म्हणजे दर ग्राहकामागे वेगळा बिल्ड आला. माझा कल पहिलीकडे आहे.

अडचण अशी की काही सेल्समन स्वतःचेच फोन वापरतात. वर्क प्रोफाइल (फोनमधला कामाच्या अ‍ॅप्सचा वेगळा कप्पा) म्हटलं की "मालक आमचे फोटो बघणार का?" हा प्रश्न ठरलेला. तुम्ही त्यांना कसं पटवलंत? आणि सर्व्हरचा पत्ता ग्राहकागणिक बदलायला मॅनेज्ड कॉन्फिगरेशन (ईएमएममधून अ‍ॅपची सेटिंग्ज पाठवणं) कुणी वापरलंय का? छोट्या वितरकाला परवडेल असं ईएमएम कोणतं?

आयफोन सध्या नकोत. तिकडे कस्टम अ‍ॅपलाही (ठराविक संस्थांपुरत्या खासगी अ‍ॅपला) अ‍ॅपलचा रिव्ह्यू चुकत नाही.