उपयुक्ततावाद पटतो पण कुठंतरी खटकतो, नक्की कुठं?

पाटणचा_पोरगा:
साताऱ्यात अभ्यासिकेत बसतो, एमपीएससीचा नीतिशास्त्राचा पेपर करतोय. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमचं पुस्तक १७८९ चं, मिलचं लिखाण १८६१ चं, दोघांचं म्हणणं जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, वाचताना एकदम पटतं. गोष्ट बरी का वाईट ते परिणामावरून ठरवायचं, पोथी बघायची नाही, जात बघायची नाही. पण आमचं घर कोयनेचं धरणग्रस्त, आजोबांचं गाव पाण्याखाली गेलं. राज्याला वीज मिळाली, खाली कृष्णाकाठाला पाणी मिळालं, हिशोब मांडला तर धरण बरोबरच ठरतं आणि तरी आजी "आमचं काय रं मग" म्हणते तेव्हा मला उत्तर सुचत नाही. हा विचारच कमी पडतो का मला नीट कळला नाही?

कृष्णाकाठ_सांगली:
भावा, आधी त्याची ताकद बघ. २०१९ च्या पुरात आमच्याकडं होडी एक आणि हाका चार बाजूंनी. एका गच्चीवर बायापोरं धरून पंधराएक जण, दुसरीकडं एकाचा चुलता एकटाच माडीवर, पाणी दोन्हीकडं सारखंच चढत होतं आणि तो पुतण्या होडी धरून बसलेला की आधी माझा चुलता. तिथं काय बोलणार? प्रत्येक माणूस एकच धरायचा, कुणी जास्त नाही, हेच बोलावं लागतं. आणि बेंथमनं तर जनावरांबद्दलपण विचारलं होतं की त्यांना बुद्धी आहे का हे सोडा, त्यांना दुखतं का ते बघा. आपल्या कराडजवळच्या टेंभूचे आगरकर मिल आणि इंग्रज विचारवंत स्पेन्सर वाचूनच तयार झाले, बालविवाह, केशवपन यावर लिहिताना शास्त्र काय म्हणतं यापेक्षा त्या पोरीला काय भोगावं लागतं हे त्यांनी धरून ठेवलं. हा विचार कमी लेखू नको.

वाईची_ताई:
आगरकरांचं अगदी मान्य. पण दादा, होडी आणि धरण एका मापानं मोजता येत नाही. होडीवाल्यानं चुलत्याचं काही काढून घेतलेलं नसतं. धरणात एकाचं घेऊन दुसऱ्याला दिलंय. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सनं १९७१ च्या पुस्तकात यावरच बोट ठेवलं. मी आज दाताचं दुखणं सोसून दात काढून घेतला तर उद्या आराम मलाच, पण समाज म्हणजे एक माणूस नव्हे, इथं दुखणं पाटणच्या आजीचं आणि आराम भलत्याच कुणाचा, बेरजेत दोघं एक होऊन जातात. शिवाय बेरजेत धरलं काय? जमिनीचा मोबदला. भावकी चार जिल्ह्यांत पांगली, गावदेवीचं देऊळ बुडलं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? राज्याचा पुनर्वसन कायदाच १९७६ चा, कोयना त्याच्या कितीतरी आधीची.

कृष्णाकाठ_सांगली:
ताई, मग हिशोब चुकला म्हणा की, हिशोब करणंच चूक कसं? मिलनं न्यायावर लिहिताना हेच सांगितलंय, माणसाला सुरक्षित वाटणं ही सगळ्यात मोठी गरज, म्हणून हक्क पाळायचे, त्यातच सगळ्यांचं हित. कुणाचंही घर कधीही जाऊ शकतं असं झालं तर सुखी कोण राहील?

वाईची_ताई:
मिलचं इथंच मला कच्चं वाटतं. हक्क हिताच्या जोरावर उभा असेल तर ज्या दिवशी बेरीज उलटी येईल त्या दिवशी हक्क गेला. आजीचा हक्क बेरजेच्या आधी पाहिजे. त्याच्या आत मग खुशाल हिशोब करा, भिंत किती उंच, कालवा कुठून, कुठली गावं वाचतील, तिथं बेंथमशिवाय चालायचंच नाही.

पाटणचा_पोरगा:
पण ताई, हक्क आधी म्हटलं आणि एकच घर नाही म्हणालं तर अख्खा तालुका तहानलेला ठेवायचा का? हे पण मला पटत नाही.

वाईची_ताई:
नाही, एका घराला धरण अडवायचा हक्क आहे असं मी म्हणत नाही. पण पाणी अडवायच्या आधी त्या घराला जमीन, पाणी, रस्ता, शाळा मिळालीच पाहिजे, आणि त्याचा खर्च लाभक्षेत्रानं, म्हणजे ज्यांना धरणाचं पाणी मिळतं त्यांनी, सोसायचा. आपल्याकडचे धरणग्रस्त "आधी पुनर्वसन, मग धरण" म्हणत आले ते हेच. पेपरात बेंथम, मिल, रॉल्स लिहून झाले की कोयनेचं हे उदाहरण घाल, आणि आजीला विचारून लिही, तिला काय काय मिळालं नाही ते.