डिकीतला फायबरग्लास सबवूफर बॉक्स: मागची भिंत दबतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिकीत डाव्या चाकामागे जो खोलगट कोपरा असतो, त्यात बसेल असा १० इंची सबवूफरचा (खोल बास वाजवणाऱ्या स्पीकरचा) बंद, हवा न गळणारा बॉक्स फायबरग्लासमध्ये करायला घेतलाय. प्लायचा चौकोनी खोका दोन दिवसांत झाला असता, पण त्यात अर्धी डिकी जाते आणि सामानाची जागा मला घालवायची नाही. निम्मं काम झालंय आणि आता अडलोय.

आधी काय केलं ते सांगतो. कोपऱ्यातलं कार्पेट काढून पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर दिले, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, फॉइलवर मेण. आजूबाजूचं सगळं प्लास्टिकने झाकलं. काचतंतूंची ४५० ग्रॅमची (चौरस मीटरमागे) मॅट कात्रीने न कापता हाताने फाडली, कारण फाडलेल्या कडेचे तंतू शेजारच्या तुकड्यात मिसळून जातात. पॉलिस्टर रेझिन ब्रशने न ओढता टोचत टोचत मुरवलं. दोन थर गाडीतच दिले, दुसऱ्या दिवशी कवच करकर आवाज करत सुटलं. गाडीला रेझिनचा एक थेंब लागला नाही, याचा फार आनंद झाला. तिसरा थर बाहेर टेबलावर आतून दिला.

आता अडचण. तळाची गोलाई दगडासारखी टणक आहे, पण मागची सपाट भिंत अंगठ्याने दाबली की तीन-चार मिलिमीटर आत जाते आणि सोडली की टक्‌ करून परत येते. सबवूफर वाजताना हीच भिंत थरथरणार आणि बास पोकळ येणार. त्याच भिंतीवर खालच्या बाजूला तळहाताएवढा पांढुरका डाग आहे, उजेडासमोर धरला की आतले तंतू कोरडे दिसतात.

साधा उपाय म्हणजे अजून चार थर. पण इथेच गोची आहे. ४५० च्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर होतो. आतलं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरलं, तर चार थर आतून दिल्यावर २ लिटर जागा खाल्ली जाणार. बाहेरून दिले तर कवच कोपऱ्यात बसणार नाही, कारण साचा पत्र्याला चिकटूनच घेतलाय. सबवूफरच्या कागदावर बंद बॉक्ससाठी २० लिटर लिहिलंय. कवचात थर्मोकोलचे मणी एक लिटरच्या मगने मोजून भरले, काठापर्यंत १६ लिटर बसले. पुढचा फुगवटा फ्लीसचं कापड ताणून करणार आहे, त्यातून फार तर ५ लिटर मिळतील. स्पीकरचं चुंबक आणि बास्केट दीडेक लिटर घेणार. म्हणजे हिशोब आत्ताच काठावर आहे.

शिवाय तिसरा थर दोन दिवस झाले तरी हाताला चिकटतोय. त्या दिवशी तापमान १८ अंशांच्या आसपास होतं आणि हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) मी झाकणाने अंदाजे टाकला होता. याच्यावर पुढचा थर द्यावा की आधी काही करावं?

प्रतिसाद १

काम नेटकं केलंय. चार थर सगळीकडे देऊ नका, गरजच नाही. गोल भाग आकारामुळेच ताठ राहतो, त्रास फक्त सपाट भागाचा असतो. पुठ्ठ्याची नळी उभी चिरून तिचे अर्धगोल तुकडे भिंतीवर तिरके चिकटवा आणि त्यावर मॅटचे दोन थर ओढा. अशा तीन बरगड्या अर्ध्या लिटरपेक्षा कमी जागा घेतील आणि भिंत हलायची नाही.

त्याआधी चिकटपणाचा निकाल लावा. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने एक कोपरा पुसा आणि नख रोवून बघा. खाली कडक लागलं तर काळजी नाही. मेण नसलेल्या पॉलिस्टर रेझिनचा वरचा पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकटच राहतो, पुढचा थर त्याला उलट छान धरतो. नख रुतलं तर हार्डनर कमी पडलाय. तो थर खरवडून काढावाच लागेल, मऊ थरावर कडक थर दिला तर पुढे सुटतो. पांढरा डाग ग्राइंडरने घासून काढा. वाळलेल्या मॅटमध्ये वरून कितीही रेझिन ओता, ते आत जात नाही.

हार्डनर यापुढे वजनावरच. २०० ग्रॅम रेझिनला ३ ग्रॅम, म्हणजे दीड टक्का. आणि चष्मा लावल्याशिवाय त्या बाटलीचं झाकण उघडू नका, त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. घासताना धुळीचा मास्क, रेझिन लावताना वाफेचा फिल्टर असलेला मास्क. दोन्ही वेगळे लागतात.

दीड-दोन लिटर कमी पडले तरी बंद बॉक्स सांभाळून घेतो. आत पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरा, स्पीकरला बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वाटतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज अ‍ॅसिटोनने पुसून पाहिलं. बहुतेक जागी खाली कडक आहे. फक्त त्या पांढऱ्या डागाच्या भोवती नख रुततंय, म्हणजे तिथला तुकडा शेवटच्या वाटीतल्या रेझिनचा असणार. तेवढा भाग घासून काढतो आणि बरगड्या देतो.

एक शंका उरली. स्पीकर बसवायची १८ मिलिमीटर एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) रिंग लाकडी पट्ट्यांवर उभी करून कापड ताणल्यावर त्यावर नुसतं रेझिन लावून वाळू देणार आहे. मग आतून मॅट द्यायची तर स्पीकरच्या ९ इंची भोकातूनच हात घालावा लागेल. कापडाची कड जिथे कवचाला मिळते, तो सांधा आतून दिसतच नाही आणि हवा गळायची भीती नेमकी तिथेच आहे. तो सांधा तुम्ही कसा बंद केलात?