मदत हवी आहे: पाहणीची पावती आहे, प्रमाणपत्र नाही आणि गाडी गोडाऊनमध्ये

नमस्कार. माझी मावशी एसटी स्टँडबाहेर पोहे-उपम्याची हातगाडी लावते. आधी काका लावायचे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानंतर महापालिकेची फेरीवाल्यांची पाहणी झाली तेव्हा फोटो, अंगठा सगळं काकांचं घेतलं आणि पावती दिली. विक्री प्रमाणपत्र, म्हणजे रस्त्यावर धंदा करायची अधिकृत परवानगी, काही आलं नाही. विचारायला गेलं की "यादी वर गेलीय". काका करोनात गेले. मावशीने ती पावती लॅमिनेट करून गाडीला आतून टांगलीय, आता तिच्यावरचं फक्त नाव वाचता येतं.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेसातला अतिक्रमणवाले आले. वाफाळती परात रस्त्यात उतरवून ठेवली आणि गाडी, शेगडी, सिलिंडर उचलून नेलं. बाजार फीची पावती मात्र आदल्या दिवशीपर्यंत फाडत होते! फी घेताना अधिकृत, उचलताना अतिक्रमण.

कायदा मी वाचला. पाहणी होऊन सगळ्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असं कलम 3(3) म्हणतं. जप्त मालाची सही केलेली यादी द्यायची, मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा, हे कलम 19. आम्हाला यादीच दिलेली नाही. त्यामुळे परत नेमकं काय मागायचं?

एका संघटनेचे भाऊ घरी येऊन गेले. "सभासद व्हा, मोर्चाला या, समितीवर आपली माणसं आहेत." ही समिती म्हणजे या कायद्याखाली फेरीवाल्यांसाठी असलेली नगर पथविक्रेता समिती. तिच्यात 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडायचे असतात हे खरं, पण मत यादीतल्यालाच. मुंबईत 2014 ला 99 हजारांवर अर्ज आले होते, 2024 च्या निवडणुकीत मतदार 32,415. मावशी तर कुठल्याच यादीत नाही. भाऊंना दुखवायचं नाही, पण पैसे भरावेत का?

प्रमाणपत्रधारक वारला तर पत्नीला त्याच्या जागी धंदा करता येतो (कलम 5). प्रमाणपत्रच निघालं नसेल तर नुसत्या पाहणीच्या पावतीवर हे लागू होतं का? कुणी असा अर्ज केला असेल तर मजकूर कसा होता ते कृपया सांगा.

आणि एक, जरा अडचणीचं. सिलिंडर घरगुती होता. तो मागायला गेलो तर उलट आमच्यावरच काही बसेल का?