पोथी सुटताना : डाव्या चळवळीतला बदल तुम्ही कसा पाहिला?

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरत होते. तळाशी अभ्यासवर्गाच्या टिपणांची वही निघाली. एका पानावर स्टालिनबद्दल भरभरून लिहिलेलं आणि त्यावर निळ्या शाईच्या तिरक्या रेघा. खालचा मजकूर अजून वाचता येतो. त्या पानावर तारीख नाही, पुढचं पान जुलै १९५६ चं आहे. त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख ख्रुश्चेव्ह यांनी पक्षाच्या विसाव्या अधिवेशनाच्या बंद सत्रात स्टालिनच्या अत्याचारांचा पाढा वाचला होता. जूनमध्ये ते भाषण परदेशी वृत्तपत्रांत छापून आलं. बाबांना ते कधी कळलं, कुणाशी बोलले, ठाऊक नाही. आई एवढंच म्हणाली, "त्या पावसाळ्यात ते घरात फारसे बोलत नसत."

चळवळीत राहून किंवा अशा घरात वाढून ज्यांनी पोथीसारखं घट्ट धरलेलं मत सुटण्याचा हा बदल जवळून पाहिला, त्यांनी लिहावं. पक्ष बरा की वाईट, हा वाद इथे नको. तुमच्यासमोर काय हललं, तेवढं सांगा.

*

मी १९७५ पासून अभ्यासवर्गाला जायचो. एकदा विचारलं, "आमच्या गावात पाणवठा वेगळा का?" उत्तर मिळालं, "आर्थिक पाया बदलला की वरचा समाजाचा इमला आपोआप बदलेल. जात काढलीस तर कामगारांची एकजूट फुटेल." सांगणारे कॉम्रेड वाईट नव्हते. संपाच्या काळात स्वतःच्या घरचं धान्य वाटणारा माणूस तो. पण माझी आई रोज ज्या विहिरीवरून रिकामी परत यायची, ती विहीर त्यांच्या मांडणीत बसतच नव्हती.

१९७८ साली शरद पाटील माकपमधून, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून, बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मार्क्सच्या जोडीला फुले आणि आंबेडकर घेतल्याशिवाय इथली क्रांती कळणार नाही, हे ते ठासून मांडत होते. आमच्यात त्यांचं नाव निघालं की 'फुटीर' हा शब्द ठरलेला. मला त्यांचं पटत होतं आणि मी गप्प बसलो, ही खंत आहे.

२०२२ मध्ये कन्नूरच्या अधिवेशनात रामचंद्र डोम माकपच्या पॉलिट ब्युरोवर, म्हणजे सर्वोच्च नेत्यांच्या समितीवर, निवडले गेले. पक्ष १९६४ चा, आणि हे तिथले पहिले दलित सदस्य! बातमी मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "इतकी वर्षं?" मला उत्तर देता आलं नाही. आता आमच्या सभेच्या खोलीत मार्क्सशेजारी फुले-आंबेडकरांच्या तसबिरी आहेत. खिळे मी ठोकले.

*

माझं थोडक्यात. आमच्या शाळेच्या वह्यांना सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं असायची, काका आणून द्यायचे. २५ डिसेंबर १९९१ ला सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला, क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. टीव्हीवर ते दृश्य लागलं तेव्हा काका खुर्चीतून उठून उभे राहिले आणि बातम्या संपेपर्यंत उभेच होते. सकाळी नेहमीसारखे युनियनच्या कचेरीत गेले.

*

मला मोठा वाटलेला क्षण १९९६ चा. बंगालचे माकपचे मुख्यमंत्री ज्योती बसूंना पंतप्रधानपद देऊ केलं गेलं, पक्षाच्या मध्यवर्ती समितीनं नको म्हटलं. त्यांनी निर्णय पाळला, पण पुढे मुलाखतीत त्याला 'ऐतिहासिक चूक' म्हटलं. पक्षाचा निर्णय झाला की बाहेर ब्र काढायचा नाही, या शिस्तीत आम्ही वाढलेलो. त्यामुळे पक्षाच्या सर्वांत ज्येष्ठ मुख्यमंत्र्यानं हे जाहीरपणे म्हणणं केवढं होतं, ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही.

*

वरच्या सगळ्यांशी थोडी असहमती. पोथी सोडली म्हणजे सुधारणा झाली, असं मी मानत नाही. नोकरीमुळे मी बरीच वर्षं बंगालमध्ये होतो. तिथल्या डाव्या सरकारच्या १९७८ पासूनच्या 'ऑपरेशन बर्गा'त लाखो बटाईदारांची नावं सरकारदरबारी चढली. मालक आता हुसकावू शकत नाही, हे मला एका म्हाताऱ्यानं पेटीतला कागद उलगडून दाखवत सांगितलं होतं. पुढे चीनच्या वाटेनं जाऊ, कारखाने आणू, असं वारं आलं. चीननं १९७८ नंतर धोरण बदललं तेव्हा सामूहिक शेती सोडून जमीन कसायला कुटुंबांच्या हाती दिली, हे इथे कुणी लक्षात घेतलं नाही. सिंगूर आणि नंदीग्राममध्ये हेच सरकार उलट कारखान्यांसाठी जमीन काढून घ्यायला निघालं. १४ मार्च २००७ ला नंदीग्रामला गोळीबारात १४ जणं गेली. २०११ मध्ये डाव्यांची बंगालमधली ३४ वर्षांची सत्ता गेली. धोरण नवं आलं, पण खालच्या माणसाला आधी विचारायचं, हे शिकायचं राहिलं होतं.

*

मी कुठल्याच पक्षाची नाही. मार्च २०१८ मध्ये माकपशी जोडलेल्या किसान सभेचा शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून चालत मुंबईत आला, तेव्हा माझ्या मुलीची दहावीची परीक्षा सुरू होती. लहानपणी लाल झेंडा म्हणजे बंद, एवढंच ऐकलेलं; सकाळी रस्ते अडणार म्हणून मी धास्तावले होते. ते लोक सायनला मुक्कामाला थांबले होते. मुलांचा पेपर चुकू नये म्हणून रात्रीच उठून आझाद मैदानाकडे निघाले. १८० किलोमीटर चालून आलेली माणसं, झोप न घेता.

आवाज ऐकून मी पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली उतरले. लाल टोप्या, घोषणा नाहीत, नुसता पावलांचा आवाज. एक मावशी फुटपाथच्या कडेला टेकल्या होत्या. चपलेचा अंगठा तुटलेला, टाचेला चिंधी गुंडाळलेली. मुलीचा पेपर असल्याचं मी सांगितलं. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "कोणता विषय गं?"