अंधेरी सबवे भरला, हे घर सोडण्याआधी कळायला हवं

लोखंडवालाकर: जोराचा पाऊस झाला की मुंबईत रेल्वेखालून जाणाऱ्या अंधेरी सबवेत पाणी भरतं आणि तो बंद करतात. आपल्याला कळतं ते एस. व्ही. रोडवर अडकल्यावर. वाहतूक पोलीस एक्सवर खबर देतात, तिचा उपयोग होतोच. पण पाणी चढताना आधी दिसतं ते तिथे उभ्या माणसाला. म्हणून रोज एकाच रस्त्याने जाणाऱ्यांनी त्या रस्त्यापुरता व्हॉट्सॲप ग्रुप करावा. 'खूप ट्रॅफिक आहे' एवढ्याने काहीच कळत नाही. 'सबवे पश्चिमेकडून बंद, ८.४०, गाड्या गोखले पुलाकडे वळवतायत' आणि सोबत आत्ताचा फोटो, असं आलं तर मागच्या माणसाला ठरवता येतं: पूल, लोकल की तासभर घरीच थांबायचं.

पार्लेकरीण: आडवाट सगळ्यांना कळली की ती आडवाट राहत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोखले पूल बंद झाला, तेव्हा पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावर केवढा ताण आला! नकाशाचं ॲप बघून गाड्या आमच्या गल्लीतही शिरायच्या. दोन्ही बाजूंना पार्किंग, समोरून टेम्पो, मध्ये शाळेची रिक्षा. मोबाईलला गल्ली मोकळी दिसते, पण तिथे राहणारी माणसं दिसत नाहीत. तुमची दहा मिनिटं वाचावीत म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी रस्ता ओलांडायचा नाही का?

कांदिवली_दुचाकी: ताईंशी सहमत, आणि मला त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. ग्रुपवर मेसेज पडला की चालवणारा बघणारच. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमाने गाडी चालवताना फोन हातात घेता येतो तो फक्त रस्ता बघण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नसेल तर. चॅट त्यात बसत नाही. पावसात खड्डा पाण्याखाली असतो. नजर क्षणभर हटली तरी दुचाकीवाला आडवा.

लोखंडवालाकर: मान्य. मग लिहायचं फक्त बसमधल्यांनी, मागे बसलेल्यांनी आणि नाक्यावरच्या दुकानदारांनी. चालवणाऱ्याने निघण्याआधी वाचायचं, नंतर फोन खिशात. आणि पार्लेकरीणताई, गल्ल्यांची नावं ग्रुपवर टाकायचीच नाहीत, फक्त मुख्य रस्ते आणि पूल. हा नियम मी पहिला लिहीन.

दादरचे_काका: जुन्या व्हिडिओंचं काय करणार? दर पावसाळ्यात आमच्या दादरच्या हिंदमाता चौकातलं कुठल्या तरी वर्षीचं पाणी 'आत्ताचं' म्हणून फिरतं. आईबाप घाबरून मुलांना आणायला गाड्या काढतात आणि शाळेपुढे खरीखुरी कोंडी होते. फॉरवर्ड आलेलं काहीही ग्रुपवर चालणार नाही, असं असेल तरच मी येतो. आणि पाणी दिसलं की महापालिकेच्या १९१६ वर फोन करा. ग्रुपवर लिहून पंप सुरू होत नाही.

बसवाली_मालाड: सगळी चर्चा गाडीवाल्यांचीच चाललीय. बस गल्लीत वळत नाही, ती तुमच्या रांगेतच उभी राहते, आत साठ माणसं घेऊन. बेस्टची बस कुठे आहे ते चलो ॲपवर दिसतं. स्टॉपवर ताटकळण्यापेक्षा ते बघून निघता येतं, आणि फोनचा मला तरी हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो. तुमच्या ग्रुपवर हेही येऊ द्या: कुठली बस वळवली, कुठला स्टॉप चुकणार. ते वाचून दोघांनी जरी गाडी घरी ठेवली, तर रस्ता तेवढा मोकळा.

लोखंडवालाकर: बसचं माझ्या डोक्यातच नव्हतं, घेऊया.

पार्लेकरीण: तुमचा ग्रुप गल्लीचं नाव घेणार नाही, पण नकाशाचं ॲप घेणारच. ते कोण थांबवणार? त्याचं उत्तर मिळेपर्यंत माझा विरोध कायम.