कोकण किनारा, व्हीलचेअर आणि वॉकर : तुमचे अनुभव लिहा

कोकणातल्या कुठल्याही मुक्कामाला फोन करून विचारा, "आमच्यासोबत व्हीलचेअरवरचं माणूस आहे, जमेल ना?" उत्तर ठरलेलं असतं : "या की, काही अडचण नाही, सगळी सोय आहे." सांगणारा मनापासून सांगतो. दारातल्या चार पायऱ्या त्याला आठवतच नाहीत, कारण दिवसभर तो त्यांच्यावरून चढत-उतरत असतो.

हा धागा त्या चार पायऱ्यांसाठी आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंत आणि पुढे गोव्यातही, जिथे तुम्ही स्वतः गेलात किंवा घरातल्या कुणाला घेऊन गेलात तिथलं लिहा. फक्त "छान आहे" लिहू नका. गाडी दारापासून किती लांब थांबते, पायऱ्या किती आणि केवढ्या उंच, कठडा आहे का, कमोड आहे का, बाथरूमचं दार किती इंच आणि ते आत उघडतं की बाहेर. समुद्र खोलीतून दिसतो, रस्त्यावरून दिसतो की वाळूत उतरल्यावरच. आणि माणसाला नक्की काय जमतं तेही सांगा, कारण धरून चार पायऱ्या चढणारे आणि अजिबात उभं न राहू शकणारे यांच्या गरजा अगदी वेगळ्या असतात.

मी सुरुवात करते. पक्षाघातानंतर माझ्या नवऱ्याची उजवी बाजू अधू आहे. काठी आणि माझा खांदा एवढ्यावर तो पाच-सहा पायऱ्या चढतो, मऊ वाळूत मात्र एक पाऊलही टाकता येत नाही. आम्ही मुक्काम रत्नागिरी शहरात ठेवतो. तिथे लिफ्ट असलेली हॉटेलं मिळतात आणि वेळ आलीच तर दवाखाना हाताशी असतो. तिथून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जातो. या रस्त्यावर समुद्र गाडीत बसूनच दिसतो, आणि जाताना तो डाव्या हाताला असतो, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसलेल्याच्या खिडकीत. परतताना तोच समुद्र पलीकडे जातो. म्हणून किनाऱ्याचा कुठलाही रस्ता ठरवताना मी आता दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं बघते. श्रीवर्धन-दिवेआगर रस्ता आरावीजवळ पाण्याला लागून जातो, तोही श्रीवर्धनहून निघून केला. जो उतरू शकत नाही, त्याच्यासाठी खिडकीची बाजू हीच सगळी सहल असते.

पुळ्याला देऊळ अगदी किनाऱ्याला लागून आहे. डोंगराची प्रदक्षिणा साधारण किलोमीटरभराची, ती आम्ही सोडली. गर्दी नसलेल्या वारी, सकाळी लवकर गेलो तर दर्शन शांतपणे होतं. संकष्टी, अंगारकी टाळा.

पुणे. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, वॉकर.

ताई, बाथरूमच्या दाराचं लिहिलंत ते बरं केलंत. दापोली तालुक्यातल्या एका ठिकाणी "तळमजल्याची खोली" म्हणून बुकिंग केलं. खोली तळमजल्यावरच होती, पण जोतं उंच. नऊ-नऊ इंचांच्या तीन पायऱ्या आणि कठडा नाही. आत गेल्यावर बाथरूमचं दार बावीस इंच. आईचा वॉकर चोवीस इंची. म्हणजे वॉकर बाहेर ठेवायचा आणि ओल्या फरशीवर भिंत धरून आत जायचं. आई काही बोलली नाही. दुपारपासून तिने पाणीच प्यायलं नव्हतं, हे मला संध्याकाळी तांब्या भरलेला दिसला तेव्हा कळलं.

तेव्हापासून मी फोनवर कुणाचं काही ऐकून घेत नाही. "बाथरूमच्या दाराला टेप लावून फोटो पाठवा" एवढंच सांगते. ज्याला खरंच खोली द्यायची असते तो पाच मिनिटांत पाठवतो. घडीची कमोड खुर्ची आता बॅगांच्या आधी गाडीत चढते. मुंबई-गोवा महामार्गावर कमोड मिळेलच याचा भरवसा नाही, तेव्हा ही खुर्ची आणि एक मोठी चादर आडोशाला असली की आईचा जीव स्वस्थ राहतो. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून घाटातली वळणं टळतात, तिच्या कमरेला त्याचा मोठा फायदा झाला.

अलिबागजवळ राहतो. वडील व्हीलचेअरवर असायचे, रोज किनाऱ्यावर न्यायचो.

वाळूत खुर्ची जाते की नाही हे वाळूपेक्षा वेळेवर ठरतं. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू भुसभुशीत, तिथे चाक रुततंच. ओहोटी लागल्यावर मागे राहते ती ओली, दाबलेली पट्टी. तिच्यावर साधी खुर्चीसुद्धा चालते. अलिबाग, नागाव, दापोलीकडे कर्दे, या किनाऱ्यांवर ही पट्टी चांगली रुंद मिळते.

वेळ काढायची आमच्याकडची जुनी रीत : तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. शिवाय ते दिवस उधाणाचे, म्हणून पाणी मागेही सर्वांत लांब जातं. सूर्यास्ताला खुर्ची पाण्यापर्यंत न्यायची असेल तर पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे या. अष्टमीच्या संध्याकाळी आलात तर भरती असेल आणि रस्त्यावरूनच बघावं लागेल. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा गावात एकदा विचारून घ्या.

रस्ता ते कडक पट्टी हे मधलं अंतर मात्र मऊ वाळूचंच. तिथे खुर्ची ढकलायची नाही, उलटी फिरवून ओढायची. मोठी चाकं पुढे राहतात आणि छोटी पुढची चाकं रुतत नाहीत. ढकललीत तर छोटी चाकं वाळूत घुसतात आणि माणूस पुढे पडतो.

लाटेत चाकं भिजवायची असतील तर एकाने मागच्या मुठी सोडायच्याच नाहीत. परतणारं पाणी चाकाखालची वाळू खरवडून नेतं आणि खुर्ची एका बाजूला कलते. हे इतक्या पटकन होतं की बघत राहिलं तर सावरता येत नाही. घरी आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा, बेअरिंगला तेल द्या. खारं पाणी राहिलं तर खुर्ची कुरकुरायला लागते.

मुंबई. मणक्याचं ऑपरेशन झालेला भाऊ.

जंजिरा : राजपुरीहून शिडाच्या होडीत चढणं आणि किल्ल्याच्या दरवाजाशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकणं, दोन्ही आम्हाला झेपण्यासारखं नव्हतं. राजपुरीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरून किल्ला पूर्ण दिसतो. गाडी कडेला लावून तासभर बसलो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांच्या फटीतून पायऱ्यांनी उतरते, तीही सोडा. देवळात दर्शन घ्या.

चिपळूण. लहानपणी पोलिओ, दोन्ही पायांत कॅलिपर, साइडव्हीलची स्कूटर.

मी एकटा फिरतो. कोकण मला बघायला मिळालं ते फेरीबोटींमुळे, ज्यांना इकडे जंगलजेटी म्हणतात. उत्तरेकडून आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. प्रत्येक ठिकाणी मोठी खाडी आडवी येते आणि बोट गाडीसकट पलीकडे सोडते. स्कूटरवरून उतरायची गरज नाही. बोटीचा लोखंडी पत्रा धक्क्यावर टेकला की चढायचं, तशीच स्कूटर घेऊन उतरायचं. धक्का शेवाळलेला असतो, म्हणून मी बोटीवरच्या माणसाला सांगून सर्वांत शेवटी चढतो आणि सर्वांत शेवटी उतरतो. ते मागे उभे राहतात. दाभोळच्या खाडीत मधोमध, स्वतःच्या गाडीवर बसून वाऱ्यात असणं हे ज्याला लाँचच्या पायऱ्या कधीच चढता आल्या नाहीत, त्यालाच कळेल.

मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट आहे. गाडीत बसूनच आत शिरता येतं, तासाभरात अलिबागच्या बाजूला. गेटवेवरून लाँचने जाताना हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो, ते टळतं.

खाडीवरचे पूल होणार आहेत म्हणतात. व्हावेत. फक्त या बोटी बंद करू नयेत, एवढीच माझी इच्छा.

नाशिक. अपघातानंतर कमरेखाली संवेदना नाही. वय ३१.

सगळ्यांनी "लोक मदतीला धावतात" असं लिहायच्या आधी मला हे मांडायचंय. कोकणातली माणसं प्रेमळ आहेत यात शंका नाही. पण एका धक्क्यावर चार जणांनी मला न विचारता खुर्चीसकट उचललं. एकाने हाताच्या दांडीला धरलं. माझ्या खुर्चीचे हात निघणारे आहेत. हात त्याच्याकडे राहिला आणि मी दगडावर पडले. कमरेखाली दुखलं नाही, कारण तिथे मला काही कळतच नाही. खरचटलेलं रात्री आरशात बघून समजलं.

म्हणून सांगते. आधी विचारा. मी "नको" म्हटलं तर ते संकोचाने म्हटलेलं नसतं. "हो" म्हटलं तर कुठे धरायचं ते मीच सांगेन : मागच्या मुठी आणि पुढची खालची चौकट, दुसरीकडे कुठेही नाही. आणि ज्या ठिकाणी मला उचलूनच न्यावं लागतं, ते ठिकाण माझ्यासाठी सोयीचं नाही, उचलणारे कितीही चांगले असोत. उचलून नेलेल्या माणसाला परत कधी यायचं हेही दुसऱ्यालाच विचारावं लागतं.

मला मनापासून आवडलेली जागा मालवणची चिवला वेळा, म्हणजे चिवला किनारा. रस्ता किनाऱ्याला लागून आहे, गाडीतून उतरून खुर्ची सपाट जागेवर ठेवली की समोर पाणी. सकाळी रापण ओढत होते. दोन बाजूंनी माणसं दोर खेचतात आणि जाळं हळूहळू जवळ येतं. मी जागची न हलता सगळं शेवटपर्यंत बघितलं. एक बाई टोपली घेऊन आल्या, बांगडे दाखवले, भाव सांगितला आणि घेणार का विचारलं. इतर गिऱ्हाइकांना विचारतात तसंच.

माझ्यासारख्यांनी गादी विसरू नका. खराब रस्त्यावर गाडीत दर अर्ध्या तासाने अंग उचलून जागा बदला. घाम आणि धक्के यांनी बेडसोअर फार लवकर होतो.

गुहागर. घरगुती निवास-न्याहारी चालवतो.

वरचं सगळं वाचून आमच्याकडचं लिहितो, म्हणजे बाकीच्या घरवाल्यांना उपयोग होईल. आमचं घर चिऱ्याचं, जोतं अंगणापासून अठरा इंच. मिस्त्री म्हणाला, सहा फुटांत उतार काढतो. पण हिशेब असा की एक इंच उंचीला बारा इंच लांबी लागते, सरकारी मार्गदर्शक नियमही तोच आहे. म्हणजे अठरा इंचांना अठरा फूट. अंगणात सरळ तेवढी जागा नव्हती, म्हणून नऊ-नऊ फुटांचे दोन टप्पे केले आणि मध्ये खुर्ची वळायला पाच फुटांची चौरस जागा ठेवली. दोन्ही बाजूंना पाइप. चिऱ्यावर पावसात शेवाळ धरतं, म्हणून वरून सिमेंट करून ओलं असतानाच आडव्या खाचा पाडल्या. एका खोलीचं बाथरूमचं दार काढून छत्तीस इंचांचं सरकतं दार बसवलं, कमोडशेजारी भिंतीत दांडी ठोकली. उंबरा काढताना आजी नाराज होती. आता तीच दिवसातून दहा वेळा उतारावरून अंगणात येते, आणि नारळाची पोतीही तिथूनच चढतात.

समुद्राकडे जाणारी आमची पाखाडी मात्र दगडी पायऱ्यांचीच आहे, तिथे मी काही करू शकलो नाही. खुर्चीवाल्यांनी गाडीने वळसा घालून दुसऱ्या वाटेने जावं लागतं. हे मी फोनवर आधीच सांगतो.

डोंबिवली. मुलाला स्नायूंचा आजार, उभा राहू शकत नाही.

रेल्वेबद्दल थोडक्यात. सवलतीच्या पात्रतेत बसत असेल तर स्लीपर आणि थ्री-एसीत तीन चतुर्थांश सूट मिळते, सोबत्यालाही. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र आधी काढून ठेवा. दिव्यांग डबा गाडीच्या टोकाला येतो आणि छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात मुलगा, खुर्ची, सामान उतरवणं म्हणजे छातीत धडधड. म्हणून आम्ही रत्नागिरीलाच उतरतो, तिथे बहुतेक गाड्या जास्त वेळ थांबतात. आदल्या दिवशी रेल्वेच्या १३९ या फोन नंबरवर कळवतो. कुठल्या फलाटावर गाडी येणार तेही विचारा, पूल चढायची वेळ आली तर अवघड होतं.

सध्या चेन्नई, मूळ वेंगुर्ला.

इथे मरीना किनाऱ्यावर २७ नोव्हेंबर २०२२ ला पाण्याच्या दिशेने २६३ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद लाकडी वाट सुरू झाली. व्हीलचेअर थेट पाण्याजवळ जाते. काही दिवसांतच मंदोस चक्रीवादळात तिचा पुढचा भाग उखडला, मग दुरुस्ती झाली. आपल्याकडे २०२० मध्ये निसर्ग आणि २०२१ मध्ये तौक्ते येऊन गेलं, शिवाय दर वर्षीचा पावसाळा. म्हणून कोकणात पक्क्या बांधकामापेक्षा गुंडाळून ठेवता येणारी जाड चटई मला जास्त पटते. ऑक्टोबरात अंथरायची, मे संपताना उचलायची. एका ग्रामपंचायतीनेही केलं तरी बाकीच्यांना ते बघता येईल. कुणी आपल्या गावात विषय काढणार असेल तर मी मापं, फोटो सगळं पाठवते.

कोल्हापूर. वडिलांना पार्किन्सन.

वर विजयदुर्ग-देवगड पट्ट्याचं काहीच आलेलं नाही. बाबांना कुणकेश्वरला न्यायचंय, दिवाळीनंतर, महाशिवरात्रीच्या जत्रेआधी. धरून चालतात, पण पायरी दिसली की पाय जागीच थिजतात. पायऱ्या टाळून देवळाजवळ जाणारी वाट आहे का, असेल तर गाडी कुठपर्यंत येते? जवळपास कमोडची खोली कुणाच्या माहितीत असेल तर दाराच्या मापासकट सांगा.