मदत हवी आहे : 'एल्डर स्क्रोल्स ६' कधीपर्यंत येईल असं धरून चालू? नवा पीसी घेणं अडलंय

नमस्कार. बेथेस्डा स्टुडिओच्या 'एल्डर स्क्रोल्स ६' ह्या येऊ घातलेल्या गेमवर जे कोणी बारकाईने लक्ष ठेवून आहेत, त्यांचं मत हवं आहे.

माझा पीसी आता थकलाय. ह्याच मालिकेतला आधीचा गेम स्कायरिम त्यावर अजूनही मस्त चालतो, पण बेथेस्डाच्याच नंतरच्या स्टारफील्ड गेमच्या किमान गरजा वाचल्या (जीटीएक्स १०७० टीआय ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, आणि एसएसडी तर हवीच) तेव्हा कळलं की पुढचा एल्डर स्क्रोल्स ह्याच्यावर उघडणारसुद्धा नाही. नवा घ्यायचाच आहे. तो आत्ता घेऊ, की गेमची तारीख लागेपर्यंत पैसे साठवत राहू? आणि तारखेचा अंदाज बांधायचा तरी कशाच्या जोरावर?

मला सापडलं ते असं. टीझर जून २०१८ च्या ई-३ ह्या गेमिंग प्रदर्शनात दाखवला. अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा. धुकं, ओसाड खडकाळ डोंगर, लांबवर किनारा, ओळखीचं संगीत आणि शेवटी नाव. ना माणूस, ना साल. मालिकेतले आधीचे गेम बघा: मोरोविंड २००२ चा, ऑब्लिव्हियन २००६ चा, स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ चा. चार-पाच वर्षांनी नवा गेम हा हिशोब तिथून पुढे पार मोडला. मग मार्च २०२४ मध्ये मालिकेला ३० वर्षं झाली, तेव्हा स्टुडिओने सांगितलं की आतली माणसं सुरुवातीची बिल्ड, म्हणजे गेमची कच्ची आवृत्ती, खेळतायत. ते वाचून मी फार हुरळून गेलो होतो. खेळतायत म्हणजे दोनेक वर्षांत हातात येईल, असं वाटलं. तेव्हापासून प्रत्येक मोठा शो जागून बघतो, कारण आधीचा आठवडाभर कोणी ना कोणी 'ह्या वेळी ट्रेलर नक्की' म्हणत असतं.

ही मालिका मला फार जवळची आहे. पहिल्याच दिवशी, चांगल्या सेटिंगवर खेळायची आहे. कुठल्या खुणांवर विश्वास ठेवावा आणि कुठल्या सोडून द्याव्यात, एवढं सांगा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

११ नोव्हेंबर धरून चाला. साल कुठलंही असो, स्कायरिमची तारीख ते सोडणार नाहीत. माझा तरी पूर्ण विश्वास आहे.

प्रतिसाद

वरच्या मित्राचा उत्साह समजतो, पण ११ नोव्हेंबरवर भिस्त ठेवू नका. स्टारफील्डला हीच तारीख दिली होती, ११ नोव्हेंबर २०२२. मे २०२२ मध्ये ती पुढे ढकलली आणि गेम आला ६ सप्टेंबर २०२३ ला. तारीख सुंदर आहे म्हणून गेम वेळेत तयार होत नाही.

आता 'बिल्ड खेळतायत' ह्या वाक्याकडे या, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतो. सुरुवातीची बिल्ड म्हणजे चालता येईल असा जगाचा सांगाडा. घरांच्या जागी करडे ठोकळे असू शकतात, पात्रांना आवाज नसतो, अर्ध्या क्वेस्ट (खेळातल्या मोहिमा) कागदावरच असतात. ह्या मालिकेत तर खेळाडू मुख्य कथा सोडून कुठेही भटकतो, दुकानदाराला मारतो, क्वेस्ट अर्धवट टाकून पन्नास तासांनी परत येतो. त्यातली प्रत्येक शक्यता तपासावी लागते, आणि ते काम शेवटच्या टप्प्यातच होतं. स्टारफील्डला तारीख ढकलल्यावर सव्वा वर्षाहून जास्त वेळ लागला, हे लक्षात ठेवा. शिवाय टीझर २०१८ चा असला तरी मोजणी तिथून करायची नाही. स्टुडिओची मोठी फळी स्टारफील्ड बाहेर पडेपर्यंत त्याच्यातच गुंतलेली होती. माझ्या मते खरी मोजणी २०२३ च्या शेवटापासून.

ह्याला आधार आहे. बेथेस्डा मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे, आणि जून २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ही दुसरी गेम कंपनी विकत घेण्यावरून अमेरिकेत खटला चालला होता. त्यात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी साक्षीत हा गेम पाच किंवा त्याहून जास्त वर्षं दूर असल्याचं सांगितलं. त्याच खटल्यातल्या मायक्रोसॉफ्टच्या एका कागदात '२०२६ किंवा त्यानंतर' असं होतं. लोकांनी त्यातला २०२६ उचलला आणि 'किंवा त्यानंतर' सोडून दिलं. नोव्हेंबर २०२५ च्या मुलाखतीत बेथेस्डाचे टॉड हॉवर्ड यांनीही गेम अजून खूप लांब आहे असंच म्हटलं. शपथेवर दिलेली साक्ष आणि ज्याच्या हातात गेम आहे त्याचं बोलणं एकाच दिशेला जात असेल, तर टीझरचे दगड मोठे करून बघणाऱ्या व्हिडिओंकडे मी लक्ष देत नाही. माझा अंदाज २०२८ च्या आत नाही.

विश्वास ठेवायचाच तर जिथे कंपनी पैसे आणि शब्द दोन्ही गुंतवते तिथे ठेवा. खेळ चालू असतानाचं लांब प्रात्यक्षिक, वयोगटाचं प्रमाणपत्र, प्री-ऑर्डर, पीसीच्या गरजांची यादी. हे दिसेपर्यंत शांत राहा. दिसल्यावर मात्र गोष्टी वेगाने घडू शकतात. बेथेस्डाचाच फॉलआउट ४ जून २०१५ मध्ये जाहीर झाला आणि १० नोव्हेंबरला विक्रीला आला. ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड, म्हणजे जुन्या ऑब्लिव्हियनची नव्याने सजवलेली आवृत्ती, तर २२ एप्रिल २०२५ ला जाहीर झाला त्याच दिवशी मिळायलाही लागला.

पीसीचं म्हणाल तर हा गेम मनात धरून आज काहीही घेऊ नका. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, तसं होईल. स्टारफील्डच्या गरजा २०२३ च्या जूनमध्ये कळल्या, गेम यायच्या जेमतेम तीन महिने आधी. त्यात शिफारस होती आरटीएक्स २०८० ची. ते कार्ड सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे टीझरनंतर तीनच महिन्यांनी बाजारात आलं होतं. ज्याने तेव्हा सगळ्यात महागातलं घेतलं, त्याचा पाच वर्षांनी निभाव लागला खरा, पण थांबलेल्याला तेवढीच ताकद बरीच स्वस्तात मिळाली. आत्ता जे खेळायचंय त्यापुरता मधला पीसी घ्या. पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट मात्र ऐसपैस ठेवा, म्हणजे पुढे नुसतं ग्राफिक्स कार्ड बदलता येईल.

प्रतिसाद

तारखेबद्दल वर सगळं आलंच आहे. मला गेम कुठल्या प्रदेशात घडेल ह्या अंदाजांबद्दल बोलायचंय, कारण ते करण्यात खरा आनंद आहे. ३१ डिसेंबर २०२० ला मालिकेच्या अधिकृत खात्याने स्कायरिमच्या नकाशाचा फोटो टाकला होता, त्यावर मेणबत्त्या ठेवलेल्या. तेव्हापासून बहुतेक जण हॅमरफेल म्हणतात, मालिकेच्या जगातला एक प्रांत. टीझरमधले कोरडे डोंगर आणि किनारा त्याला जुळतात. मलाही तेच हवंय, तिथल्या रेडगार्ड लोकांचं वाळवंट आणि बंदरं.

आणि ही वाट फक्त आपलीच नाही. स्कायरिम खेळतानाचे व्हिडिओ टाकणाऱ्या, 'स्कायरिम ग्रँडमा' म्हणून सगळे ज्यांना ओळखतात त्या आजी १९३६ सालच्या आहेत. २०१९ मध्ये स्टुडिओने जाहीर केलं की ह्या गेममध्ये त्यांचं पात्र असेल. तारीख पुढे गेली की मला आधी त्यांची आठवण येते. त्यांना तो खेळायला मिळावा असं फार वाटतं.

तोवर 'बियाँड स्कायरिम'चा ब्रूमा भाग खेळलायत का? स्कायरिमला जोडायचा, चाहत्यांनी बनवलेला, २०१७ चा. जुन्या पीसीवरही चालेल. मोरोविंड आवडत असेल तर त्याला जोडायचा, चाहत्यांचाच 'तमरिएल रीबिल्ट' आहेच.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. 'किंवा त्यानंतर' हे शब्द मी खरंच वाचले नव्हते, सगळीकडे २०२६ एवढंच दिसत होतं. ठरलं मग. ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड नीट चालेल एवढा पीसी ह्याच महिन्यात घेतो, कार्ड पुढे बदलेन. ब्रूमा आजच उतरवायला लावतोय.

एकच शंका राहिली. पॉवर सप्लाय ७५० वॅटचा पुरेल, की ८५० चा घेऊन ठेवू?

प्रतिसाद

८५० घ्या. किमतीत थोडाच फरक पडतो, आणि पुढचं कार्ड किती वीज खाईल ते आज कोणीच सांगू शकत नाही.